आईच्या अक्षरातला कलश: कस्टम अस्थिकलश मागवला त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मोठा होणारे. मी स्वतः शोधत होते तेव्हा सगळीकडे "फार सुंदर, वेळेवर मिळालं" एवढंच लिहिलेलं सापडायचं आणि मला जे हवं होतं, म्हणजे आत नक्की किती मावतं, झाकण कसं लागतं, देवनागरी नीट कोरून मिळतं का, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. दुकान ऑनलाइन आहे, नाव मुद्दाम देत नाहीये कारण चुका झाल्या पण नंतर त्यांनी त्या निस्तरल्या, आणि खरं म्हणजे या चुका त्या एकाच दुकानाच्या नाहीत, मी आणखी चार-पाच ठिकाणी विचारून बघितलं होतं आणि सगळीकडे साधारण तीच पद्धत आहे.

आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. अस्थी आम्हाला मिळाल्या त्या राखाडी प्लास्टिकच्या साध्या डब्यात, वर स्टिकर, स्टिकरवर नंबर आणि नाव, आणि नावात एक अक्षर चुकलेलं. तो डबा माझ्या कपाटात होता आणि कपाट उघडलं की पहिलं ते चुकलेलं अक्षर दिसायचं. आई आयुष्यभर शुद्धलेखनाच्या बाबतीत फार काटेकोर होती, त्यामुळे ते मला इतकं लागायचं की शेवटी एका रात्री बसले आणि कलश शोधायला लागले.

आता कस्टम कलश म्हटलं की दुकानं काय दाखवतात ते सांगते. शेकड्यांनी डिझाइन असतात, मोटारसायकल, मासेमारी, गोल्फ, सूर्यास्त, फुलपाखरं, गिटार, उडणारे पक्षी, आणि त्यावर तुम्ही नाव आणि तारखा टाकायच्या. म्हणजे माणूस आधी कुठल्यातरी थीममध्ये बसवायचा आणि मग त्याचं नाव लिहायचं. आई यातल्या कशातच बसत नव्हती. ती रोज सकाळी पेपरमधलं शब्दकोडं सोडवायची, निळ्या पेनाने, आणि जो शब्द अडेल त्याच्या शेजारी समासात "उद्या बघू" असं लिहून ठेवायची. घरात अशी शेकडो कोडी निघाली आम्हाला. मी ताईला फोन करून म्हटलं, मला हेच हवंय कलशावर, तिच्या अक्षरातलं "उद्या बघू". ताई गप्प झाली आणि मग म्हणाली, अगं पण कलशावर हे बरं दिसेल का, लोक काय म्हणतील, तिचा छानसा फोटो टाकूया ना.

तेव्हा मी तिला फ्रेडरिक बॉर यांची गोष्ट सांगितली. प्रिंगल्स चिप्सचा तो उभा नळकांड्यासारखा डबा ज्यांनी डिझाइन केला ते हे गृहस्थ, अमेरिकेत ओहायोत राहायचे. २००८ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले, आणि त्यांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की माझी राख त्या डब्यात ठेवा. मुलांनी खरंच अंत्यसंस्कारांच्या आधी वाटेत थांबून डबा विकत घेतला आणि त्यांच्या राखेचा काही भाग त्यात घालून पुरला, बाकीची कलशात. त्या माणसाला आपल्या कामाचा अभिमान होता आणि मुलांनी तो राखला, एवढी सरळ गोष्ट आहे ती. ताई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ठीक आहे, पण मला माझ्यासाठी एक छोटा हवा आणि त्यावर फोटो हवा. ठरलं मग. माझ्याकडे मोठा लाकडी कलश, तिच्यासाठी हाताच्या मुठीएवढा पितळी.

फोटोबद्दल आधी सांगून टाकते. फोटो दोन-तीन प्रकारे लावतात. एक म्हणजे सरळ पृष्ठभागावर यूव्ही प्रिंट, ते दिसायला एकदम झकास दिसतं, रंग भरलेले, पण ऊन लागलं की कालांतराने फिकं पडतं. दुसरा प्रकार चिनी मातीच्या छोट्या चकतीवर फोटो भाजून पक्का करतात, थडग्यांवर जुन्या काळापासून दिसतात ना तशा अंडाकृती, तो टिकतो. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, वेबसाइटवर "हाय क्वालिटी फोटो" एवढंच होतं, त्यामुळे ताईने यूव्ही प्रिंट घेतला आणि खिडकीत ठेवला, आता आठ महिन्यांत आईच्या साडीचा रंग उतरलाय. फोटोच हवा असेल तर भाजलेलाच मागा, थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.

कोरीव काम मात्र वेगळं. लाकडावर लेझरने कोरतात म्हणजे लाकूड तेवढ्यापुरतं जळून आत जातं, शाईचा प्रश्नच नाही, आणि बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं. पितळेसारख्या धातूवर बहुतेक ठिकाणी हिऱ्याच्या टोकाने ओरखडून कोरतात, ते बारीक आणि चकचकीत येतं पण लांबून पटकन वाचता येत नाही. मला लाकूडच हवं होतं.

आणि इथे पहिला घोळ झाला. मी ऑर्डर फॉर्ममध्ये आईचं नाव देवनागरीत टाईप केलं, खाली "उद्या बघू" चा स्कॅन जोडला. तीन दिवसांनी प्रूफ, म्हणजे कोरण्याआधी दाखवतात तो नमुना, आलं. बघितलं आणि पोटात गोळाच आला. आईच्या नावात पहिल्याच अक्षराला पहिली वेलांटी आहे, ती अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसलेली, आणि शेवटचं जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतोय. म्हणजे पुन्हा चुकलेलं नाव! कारण नंतर कळलं, कोरायच्या मशीनचं जे सॉफ्टवेअर असतं त्यातल्या बऱ्याच जणांना देवनागरी जुळवता येत नाही, आपण टाईप केलेली अक्षरं ते एकेक सुटी सुटी उचलतात आणि ओळीने मांडतात, वेलांटी टाईप करताना व्यंजनानंतर येते म्हणून ती छापतानाही नंतरच येते. प्रूफ बनवणाऱ्याला लिपी वाचताच येत नसेल तर त्याला त्यात काही चूक दिसणारच नाही, त्याच्यावर राग तरी काय काढणार. प्रूफखाली "अप्रूव्ह" चं बटण होतं आणि ४८ तासांत काही कळवलं नाही तर मंजूर धरू असं लिहिलेलं होतं. दुःखात असलेली माणसं दोन दोन दिवस मेल उघडत नाहीत हो, ही अट मला अजिबात पटली नाही आणि मी त्यांना तसं लिहिलं पण.

यावरचा उपाय सोपा आहे, कुणालाही उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. नाव टाईप करून पाठवूच नका. कुठल्याही डिझाइन करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून नाव देवनागरीत लावून घ्या आणि त्याला सांगा की अक्षरांचे आउटलाइन करून एसव्हीजी किंवा पीडीएफ दे. मग मशीनसाठी ते चित्र होतं, अक्षर राहतच नाही, आणि काही हलत नाही. मी तर पुढे नावसुद्धा आईच्याच सहीवरून घेतलं. हस्ताक्षराचा स्कॅन निदान ६०० डीपीआयला करा, पांढऱ्या कागदावरचा असेल तर उत्तम, आमचा वर्तमानपत्राच्या समासातला होता त्यामुळे मागची छपाई त्यातून दिसत होती, ती दुकानातल्या मुलीने हाताने साफ करून दिली. त्या मुलीला पूर्ण मार्क. तिने विचारलं की "घू" च्या ऊकाराची शेपटी खाली लांब गेलीय ती छोटी करू का, आणि मी नाही म्हटल्यावर तिने जशीच्या तशी ठेवली. आई ती शेपटी तशीच ओढायची.

दुसरा घोळ मापाचा, आणि हा जास्त मोठा. वेबसाइटवर बाहेरची उंची आणि रुंदी होती आणि पुढे "मोठ्या व्यक्तीसाठी" असं लिहिलेलं. मी दोनदा मेल करून विचारलं आत किती मावतं, दोन्ही वेळा उत्तर आलं की स्टँडर्ड आहे. या धंद्यात स्टँडर्ड म्हणजे २०० घन इंच, म्हणजे साधारण ३.३ लिटर. ठोकळ हिशोब असा की माणसाचं वजन पौंडात जितकं, तितके घन इंच लागतात, किलोत सांगायचं तर दर किलोला जवळपास ३६ मिलिलिटर. आई शेवटी ५८ किलोची होती म्हणजे तिला २.१ लिटर पुरायला हवं. हा हिशोब अंदाजाचाच आहे हे लक्षात ठेवा कारण दहनानंतर जे उरतं ते हाडांचं असतं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, भट्टीत आठ-नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास बाकी सगळं जातं आणि उरलेली हाडं क्रिम्युलेटर नावाच्या यंत्रात दळून त्याची ती भुकटी होते. म्हणून उंच आणि दणकट हाडाच्या माणसाची राख जास्त भरते, नुसतं वजन जास्त असून उपयोग नाही.

कलश आला, दिसायला अप्रतिम, अक्रोडाचं लाकूड, कोपरे इतके छान जुळवलेले की सांधा दिसत नाही. पण भिंती चांगल्या दीड सेंटिमीटर जाड. मला शंका आली म्हणून आधी कोरडी वाळू मोजून भरून बघितली तर जेमतेम १.८ लिटर! हे मी आधी केलं म्हणून वाचले, नाहीतर आईच्या अस्थी भरताना मध्येच कळलं असतं, आणि तो क्षण कुणावर येऊ नये. ताईच्या छोट्या कलशात १५० मिलिलिटर जाणार होतं तरी पुरेना. मी फोटो आणि मोजमाप पाठवलं. सुरुवातीला म्हणाले कस्टम वस्तू परत घेत नाही. मग मी त्यांचे ते "स्टँडर्ड" वाले दोन मेल त्यांनाच परत पाठवले, तेव्हा मात्र दोन दिवसांत फोन आला, माफी मागितली, मोठ्या मापाचा नवा कलश पुन्हा कोरून पाठवला, जादा काही घेतलं नाही. पहिल्या ऑर्डरपासून हातात येईपर्यंत सात आठवडे गेले. तेव्हा मेल जपून ठेवा, फोनवर काही ठरवू नका.

झाकणाचं पण बघून घ्या. धातूच्या कलशांना बहुधा आट्यांचं झाकण असतं, फिरवून लावायचं. लाकडीला तळाला फळी असते आणि ती चार स्क्रूंनी बंद करतात, म्हणजे कलश उलटा करून भरायचा आणि मग सुलटा करायचा. आत राख नुसती ओतायची नाही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची. आणि घरी एकट्याने हे करू नका, दहनगृहात किंवा फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करतात तिथे, विचारलं तर बऱ्याच ठिकाणी भरून देतात. आमच्यासाठी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी केलं, एक शब्द न बोलता, अगदी हळू, आणि शेवटी तळाची फळी लावायच्या आधी मला विचारलं की तुम्हाला आत काही ठेवायचंय का. मी आईचं ते निळं पेन ठेवलं.

तिसरी गोष्ट विमानाची. ताई दुसऱ्या देशात राहते, तिला कलश घेऊन जायचा होता आणि तो पितळी. तर विमानतळावर कलश एक्स-रे मधून जावा लागतो आणि जाड धातूच्या आत काय आहे ते मशीनला दिसत नाही. अमेरिकेत टीएसए चा, म्हणजे विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याचा, तर स्पष्ट नियम आहे की कलश ते उघडणार नाहीत, तुम्ही स्वतः सांगितलं तरी उघडणार नाहीत, आणि आतलं दिसलं नाही तर पुढे जाऊ देणार नाहीत. हे आम्हाला विमान कंपनीला विचारायला फोन केला तेव्हा कळलं. मग अस्थी छोट्या लाकडी डबीत घालून दहनाच्या दाखल्यासह हातातल्या बॅगेत आणि रिकामा पितळी कलश चेक-इन सामानात, असं करून नेलं.

आता बघा, देवनागरीचा घोळ सोडला तर फोटो, माप आणि विमान हे बाकीचे तिन्ही घोळ एकाच कारणाने झाले. दुकानाने मला अठरा प्रश्न विचारले, रंग कुठला, बॉर्डर कुठली, फॉन्ट कुठला, पण "हा कलश पुढे कुठे जाणार आहे" हा एक प्रश्न विचारला नाही. घरात ठेवणार, खिडकीजवळ ठेवणार, पुरणार, पाण्यात सोडणार, विमानाने नेणार, दोघातिघांत वाटणार, यावर सगळं ठरतं. पाण्यात सोडायचा असेल तर मिठाचा किंवा दाबलेल्या कागदाचा कलश मिळतो जो पाण्यात हळूहळू विरून जातो, आणि अमेरिकेत समुद्रात सोडायचा तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि ३० दिवसांत ईपीएला, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याला, कळवावं लागतं. झाड लावायचं असेल तर सरळ राखेत रोप लावलं की ते बहुतेक जगत नाही, राख फार अल्कधर्मी आणि खारट असते, म्हणून त्या झाडाच्या कलशांमध्ये राख खाली आणि रोपाची माती वर वेगळी ठेवलेली असते. वाटून घ्यायचं असेल तर घरातल्यांची श्रद्धा काय म्हणते तेही बघावं लागतं, कॅथलिक चर्चने २०१६ मध्ये राख विखुरणं, वाटणं, दागिन्यात घालणं याला स्पष्ट नाही म्हटलं होतं, २०२३ च्या अखेरीस अगदी थोडा भाग जपायला काही अटींवर वाट मोकळी केली.

शवपेट्यांबद्दलही थोडं लिहिते कारण त्याच सुमारास शेजारचे काका गेले आणि त्यांच्या मुलीबरोबर मी दोन दिवस हेच करत होते. आपण सगळ्यालाच शवपेटी म्हणतो पण कॉफिन म्हणजे खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती सहा बाजूंची, आणि कास्केट म्हणजे चौकोनी, बिजागरीचं झाकण असलेली. काकांना झाडांचं वेड, म्हणून तिने पूर्ण पेटीवर जंगलाचा फोटो छापलेलं आवरण मागवायचं ठरवलं. सुदैवाने ऑर्डर द्यायच्या आधी दहनगृहाला विचारलं. ते म्हणाले व्हायनलचं आवरण असेल तर भट्टीत घेणार नाही, व्हायनल म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, ते जळताना त्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतात. मग पुठ्ठ्याची पेटी घेतली, आणि तिच्यावर नातवंडांनी पाण्याच्या रंगांनी स्वतः झाडं काढली. सगळ्यात लहान नात सहा वर्षांची, तिने एका झाडाखाली आजोबांची चप्पल काढली होती. मी त्या दोन दिवसांत बघितलेल्या सगळ्या महागड्या पेट्यांपेक्षा ती पेटी त्यांची वाटत होती.

धातूची पेटी घेणार असाल तर दोन गोष्टी. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, १६ गेज हा २० पेक्षा जाड, लोक उलटं समजतात. आणि रबरी सील असलेली पेटी देह टिकवते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ती टिकवत नाही, अमेरिकेत १९८४ पासून अंत्यविधीच्या धंद्यासाठी फ्युनरल रूल नावाचा जो सरकारी नियम आहे त्यात असा दावा करायलाच बंदी आहे. त्याच नियमाने तुम्ही बाहेरून आणलेली पेटी फ्युनरल होमला नाकारता येत नाही आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर तिच्यासाठी वेगळी हाताळणी फीसुद्धा लावता येत नाही. कॉस्टको, वॉलमार्टसारखी दुकानं पेट्या विकायला लागली ती यामुळेच शक्य झाली.

एवढं वाचताना मला एक गोष्ट फार आवडली ती घानातली. अक्राजवळ टेशी नावाच्या गावात सेथ काने क्वेई नावाचे सुतार होते, १९५० च्या दशकापासून ते माणसाच्या आयुष्याच्या आकाराच्या पेट्या करायचे, कोळ्यासाठी मासा, शेतकऱ्यासाठी कोकोची शेंग. त्यांच्या आजीला विमानं बघायला आवडायची, ती कधी बसली नव्हती, तिच्यासाठी त्यांनी विमान केलं अशी गोष्ट सांगतात. तिकडच्या गा भाषेत या पेट्यांना अबेबू अडेकाई म्हणतात, म्हणजे म्हणींच्या पेट्या. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू सेंटरमध्ये त्या प्रदर्शनात मांडल्या होत्या आणि त्यांच्याकडे शिकलेले पा जो यांचंही काम पुढे जगभर गेलं. तिथे सुतार आधी घरच्यांशी बोलतो, माणूस काय करायचा ते विचारतो, आणि मग लाकडाला हात लावतो. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआत २०१० मध्ये केटी विल्यम्स या निवृत्त नर्सबाईंनी कॉफिन क्लब सुरू केला, तिथे म्हातारी माणसं एकत्र जमून स्वतःची पेटी स्वतः बनवतात आणि रंगवतात, तेही मला असंच वाटलं.

आणि याच्या बरोबर उलट डेस्मंड टुटू, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले आर्चबिशप. २०२१ च्या डिसेंबरात ते गेले, त्यांनी सांगून ठेवलं होतं की मिळेल ती सगळ्यात स्वस्त पेटी आणा. केपटाऊनच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये दोरीच्या कड्यांच्या साध्या पाइनच्या पेटीत त्यांना ठेवलं होतं, आणि दहनाऐवजी पाणी आणि अल्कलीने देह विरघळवण्याची जी नवी पद्धत आहे, अ‍ॅक्वामेशन, ती त्यांनी निवडली. त्या पेटीवर काही कोरलेलं नव्हतं तरी ती त्यांचीच होती. बाकी माणसांचं कंपोस्ट वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायद्याने मान्य केलं, नेदरलँड्समध्ये बुरशीच्या तंतूंपासून वाढवलेली पेटी २०२० मध्ये पहिल्यांदा दफनाला वापरली, हे सगळं चालू आहे पण मी वापरलेलं नाही त्यामुळे त्यावर मत देत नाही.

आता माझं मत. लाकूडकाम आणि कोरीव काम पाचपैकी पाच, खरंच. सात महिने झाले, एक अक्षर धूसर झालेलं नाही, ताई येऊन गेली तेव्हा तिने त्या "घू" च्या शेपटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं. माहिती देण्यात पाचपैकी दोन, आणि ते दोनही त्या प्रूफवाल्या मुलीमुळे. तक्रार निवारण साडेतीन, सुरुवातीला नाही म्हटलं म्हणून दीड कापलाय. फोटो प्रिंट घेऊ नका. लाकडी कलश घ्यावा का, तर हो, घ्या, फक्त ऑर्डरआधी आतलं माप मिलिलिटरमध्ये लेखी मागा आणि आपल्या भाषेतलं नाव चित्र म्हणून पाठवा.

मी त्यांना शेवटचा मेल केला होता त्यात दोनच विनंत्या होत्या, प्रत्येक कलशाखाली आतलं माप लिहा आणि ती ४८ तासांची अट काढा. उत्तर आलं की बघतो. काल वेबसाइट उघडून बघितली, लाकडी कलशांखाली आता आतलं माप आलंय, पितळी अजून तसेच आहेत, आणि अट ४८ तासांची सात दिवस झालीय.